सीझनपुरता पगार

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधलं आमचं घर म्हणजे एकाला एक चिकटलेल्या आठ सारख्या घरांपैकी पाचवं. भिंतीपलीकडे एक तेलुगू कुटुंब राहायचं. त्यांचा मिक्सर सुरू झाला की आमच्या टेबलावरचे चमचे किणकिणायचे, आणि आमच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून त्यांच्या आजी आज आमच्याकडे डाळ आहे की राजमा ते ओळखायच्या. बाबा पहाटे साडेपाचला उठून पुण्याच्या टीमशी फोनवर बोलत. ‘कॅन यू हिअर मी’ हे वाक्य इंग्रजीतलं पहिलं वाक्य म्हणून मी शिकले असेन. बाबांचा कॉल वरच्या खोलीत चालू असताना खाली आई कांदा चिरत असायची. शनिवारी पोहे ठरलेले, आणि आम्ही नागपूरचे असल्यामुळे त्यावर लालभडक तर्री. मी सहा वर्षांची असताना आम्ही इथे आलो. घरात मराठीच बोलायचं हा आईचा नियम होता आणि तिनं तो इतका कडक चालवला, की दोन्ही गुडघे बदलून झाल्यावर आज हे लिहायला बसले तेव्हा कोणत्या भाषेत लिहावं हा प्रश्नच पडला नाही.

आई नागपूरला मुलींच्या शाळेत पी.टी.च्या बाई होती. आठशे मुली मैदानावर उभ्या असताना ती माइकशिवाय ‘सावधान’ म्हणायची आणि शेवटच्या रांगेतल्या मुलीची टाच जागेवर यायची. इथे बाबांच्या व्हिसावर तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. ती मिळायला नऊ वर्षं गेली. त्या नऊ वर्षांत तिचा आवाज हळूहळू लहान होत गेला. भिंती पातळ होत्या, बाबांचे कॉल चालू असायचे, आणि हाक मारायला घरात होतं तरी कोण. उन्हाळ्यात ती पार्कला फेऱ्या मारायची आणि मी तिच्यासोबत जायचे. फेऱ्यांचा मला कंटाळा, म्हणून मी बेसबॉलच्या मैदानाच्या जाळीमागे बसून राहायचे. मला वेगानं पळता येत नव्हतं, बॉलही लांब फेकता येत नव्हता. पण खेळाचे नियम मला आवडायचे. लायब्ररीतलं नियमांचं पुस्तक मी दोनदा घरी आणलं होतं.

लहान मुलांचे सामने मिस्टर टकर लावायचे. पांढऱ्या मिशा, पुढे आलेलं पोट, आणि डाव्या हाताची करंगळी बॉल लागून कायमची वाकडी झालेली. मी चौदा वर्षांची असताना एका शनिवारी त्यांचा अंपायर आलाच नाही. ते जाळीपाशी आले आणि म्हणाले, “तू दर आठवड्याला इथे असतेस. नियम येतात?”

“येतात.”

“बॉल जमिनीला लागला की नाही, दिसतं?”

“दिसतं.”

“मग ये.”

छातीवर बांधायचं ते जाड पॅड माझ्या गुडघ्यांपर्यंत येत होतं आणि त्याला अनेक माणसांच्या घामाचा वास होता. तोंडावर लोखंडी जाळीचा मास्क. शाळेत मंजिरी या माझ्या नावाचे चार-पाच प्रकार झाले होते. इथे निळा शर्ट घालणाऱ्या प्रत्येक अंपायरला ‘ब्लू’ म्हणतात, त्यामुळे तो प्रश्न पहिल्याच मिनिटाला मिटला. खेळणारी मुलं नऊ वर्षांची होती, पण त्यांचे वडील चाळिशीचे होते आणि ओरडत तेच होते. पहिल्या इनिंगमध्ये मी प्रत्येक निर्णय पुटपुटत दिला. तिसऱ्या इनिंगमध्ये एकजण म्हणाला, “ब्लू, आंधळी आहेस का?” तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचलाय. बॅटरच्या मागे वाकून बघायचं: बॉल येतो, तो एक तर ठरलेल्या चौकटीच्या आत असतो, म्हणजे ‘स्ट्राइक’, नाही तर बाहेर, म्हणजे ‘बॉल’, आणि ते तिथल्या तिथे मोठ्यानं सांगायचं. कुणाला विचारायचं नाही, कुणाचं तोंड बघायचं नाही. आमच्या घरात मोठ्यानं काहीच सांगितलं जात नसे, त्यामुळे मला ते फार आवडलं. सामन्याचे तीस डॉलर मिळाले. वर एक हॉट डॉग, त्यातला पाव आणि मोहरीची चटणी मी खाल्ली.

बाबा हसले. “नुसतं उभं राहायचे तीस डॉलर?”

“वाकायचे,” मी म्हणाले.

त्यानंतरचे पाच उन्हाळे मी वाकतच होते. राज्याच्या युनिव्हर्सिटीत अकाउंटिंगला प्रवेश मिळाला तरी शनिवार-रविवार माझे मैदानावरच जात. दुसऱ्या वर्षी मिस्टर टकरनी मला फ्लोरिडातल्या अंपायर शाळेबद्दल सांगितलं. जानेवारीत पाच आठवडे शिकवतात आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या काही जणांना व्यावसायिक बेसबॉलच्या सगळ्यांत खालच्या लीगमध्ये घेतात. तिथून पायरीपायरीनं वर. त्यासाठी कॉलेजचं एक सेमिस्टर सोडावं लागणार होतं. ऑगस्टमधल्या एका शनिवारी पोहे खाताना मी हे घरात सांगितलं.

बाबा नाही म्हणतील असं मी धरून चालले होते आणि त्याची उत्तरं पाठ करून ठेवली होती. पण ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि बेसबॉलच्या अंपायरला पगार किती, असं विचारलं. जे पान उघडलं त्यावर सर्वांत वरच्या लीगमधल्या अंपायरांचा पगार होता. बाबांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

“हे वर्षाचं आहे?”

“हो.”

“माझ्या डायरेक्टरला एवढा नसेल.”

आई गॅसपाशी उभी होती, तीही वळून बघायला आली. मला माहीत होतं की तो आकडा अख्ख्या देशातल्या जेमतेम पाऊणशे माणसांचा आहे. खालच्या लीगमध्ये काय मिळतं तेही मला माहीत होतं. मिस्टर टकरनी ते सुरुवातीलाच सांगितलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा म्हणाले, “मग जा की. एका सेमिस्टरनं काय बिघडतंय.” मी उघडलेल्या तोंडात पोह्यांचा घास घातला आणि तो बराच वेळ चावत बसले.

पुढच्या आठवड्यात आईच्या मैत्रिणीकडे, शुभदामावशीकडे, जेवण होतं. बाबांनी तिथे सगळ्यांना सांगितलं. कुणी विचारलं, की हे करिअर म्हणून कितपत, यार? बाबा शांतपणे म्हणाले, “डॉक्टरपेक्षा जास्त.” शुभदामावशी माझ्याजवळ आली. “खरंच का गं?” मी हातातल्या श्रीखंडाकडे बघत म्हणाले, “बघू.” ऑक्टोबर येईपर्यंत हे असंच चाललं. मग एके दिवशी कॉलेजातून घरी आले, तर आईनं भाजी निवडता निवडता सांगितलं, “बाबांनी डिसेंबरची नागपूरची तिकिटं कॅन्सल केली. म्हणाले, मंजूच्या शाळेची फी आधी.” आम्ही चार वर्षांत नागपूरला गेलो नव्हतो. आईच्या आवाजात तक्रार नव्हती. मी वर माझ्या खोलीत गेले, पलंगावर बसले, आणि मग मिस्टर टकरना फोन करून विचारलं, की रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला याल का, बाबांना पगाराबद्दल बोलायचं आहे.

आईनं पातोडी रस्सा केला होता. मिस्टर टकरचं कपाळ पहिल्या घासालाच घामानं भरलं; ते रुमालानं पुसत त्यांनी रस्सा दोनदा मागून घेतला. ते अर्थातच इंग्रजीत बोलत होते, पण ती दुपार मला आता मराठीतच आठवते.

“तुम्ही स्वतः व्यावसायिक अंपायर होतात ना?” बाबांनी विचारलं. “पगार कसा असतो?”

मिस्टर टकरनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

“मी अकरा सीझन केले,” ते म्हणाले. “पहिल्या वर्षी महिन्याला दोन हजारांच्या आत. शेवटच्या वर्षी तीन हजारांच्या थोडं वर. आणि महिने म्हणजे सीझनचेच महिने, पाच. उरलेले सात महिने मी पार्सलं पोहोचवायचो, शाळेची बस चालवायचो.”

“आणि वरची लीग?”

“नऊ दिवस. एकाची पाठ धरली म्हणून मला बोलावलं होतं. त्या नऊ दिवसांत जे मिळालं, ते खाली दोन महिन्यांत मिळत नसे.”

“मग पुढे?”

“मग त्याची पाठ बरी झाली.”

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. “वर जायला किती वर्षं लागतात?”

“आठ, दहा. वरचा कुणी निवृत्त झाल्याशिवाय जागा होत नाही. शाळेत येणाऱ्यांपैकी बहुतेक जण कधीच पोचत नाहीत. मुलगी चांगली आहे, सर. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मी तिला जा म्हणणार नाही. जाऊ नको असंही म्हणणार नाही.”

बाबा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “तुला हे माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

मिस्टर टकरना शब्द कळले नसतील, पण ते खाली ताटाकडे बघत राहिले. बाबा उठले, त्यांच्या ग्लासात पाणी ओतलं आणि आग्रह करून त्यांना भात वाढला. ते जाईपर्यंत बाबा हवापाण्याविषयी बोलले. दार लागल्यावर मात्र बाबा जिन्याच्या पायरीवर बसले. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

“शुभदाला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, ते जाऊ दे,” ते म्हणाले. “पण मी आकडा वाचला तेव्हा तू माझ्यासमोर बसली होतीस.”

“मी घाबरले, बाबा. सॉरी. तिकिटं परत बुक करा. फी माझी मी भरते. पण मी जाणार आहे.”

“एवढ्या पगारात?”

“एवढ्याच पगारात.”

आई टेबल पुसत होती. फडकं हातात धरूनच ती म्हणाली, “माझा पगार किती होता, आठवतो तुम्हाला?”

बाबा पायरीवरून तिच्याकडे वळले.

“तीन हजार दोनशे. रुपये. त्यातले चारशे ऑटोला जायचे. तुम्ही म्हणाला होतात, एवढ्यासाठी उन्हात कशाला उभी राहतेस.”

“म्हणालो असेन.”

“मला उभं राहायला आवडायचं,” आई म्हणाली आणि फडकं धुवायला आत गेली.

तिनं यापूर्वी कधी हे बोलून दाखवलं नव्हतं, आणि नंतरही कधी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅरेजमध्ये जुन्या आरशासमोर वाकून स्ट्राइक ओरडायचा सराव करत होते, तर ती दार ढकलून आत आली. थोडा वेळ ऐकून म्हणाली, “घशातून ओरडतेस. चार सामन्यांत आवाज बसेल.” मग तिनं चपला बाजूला काढल्या, गाडीच्या पुढ्यात सरळ उभी राहिली, पोटात श्वास भरला आणि ‘सावधान’ म्हणाली. गॅरेजचा पत्रा थरथरला. पलीकडच्या तेलुगू आजी काळजीनं बाहेर येऊन उभ्या राहिल्या. आई त्यांच्याकडे बघून हसली आणि पुन्हा एकदा म्हणाली. डिसेंबर येईपर्यंत आम्ही रोज दुपारी अर्धा तास गॅरेजमध्ये ओरडलो. मी आयुष्यात ज्यांच्याकडून शिकले त्या सगळ्यांत ती सर्वांत कडक होती.

डिसेंबरात आई-बाबा नागपूरला गेले. मी मागे राहून किराणा दुकानात शेल्फ लावायचं काम केलं, साठवलेले पैसे त्यात घातले आणि फी भरली. जानेवारीत एकटीच गाडी चालवत फ्लोरिडाला गेले. वर्गात मी एकटी मुलगी होते. कपडे बदलायला मला गवत कापायच्या मशीनची खोली दिली होती. सकाळी मैदानावर सगळे रांगेत उभे राहून एकदम ‘आउट’ ओरडायचे. पहिल्याच आठवड्यात शिकवणारा माणूस थांबून म्हणाला, “मागच्या रांगेतली ती, तिचा आवाज गेटपर्यंत येतोय. बाकीच्यांनी तसं ओरडा.” पण पाच आठवडे संपल्यावर एकेकाला आत बोलावलं, तेव्हा मला सांगितलं गेलं, की आवाज छान, नियम पक्के, पण तुझे पाय उशिरा पोचतात. माझं नाव यादीत नव्हतं. मी गाडीत बसून रडले आणि मग दहा तास ड्राइव्ह करून घरी आले. दार बाबांनी उघडलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी हातातली बॅग घेतली आणि एवढंच विचारलं, “जेवलीस?”

पाय उशिरा पोचतात, तर ते वेळेवर पोचवायचे, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला. वर्षभर रोज सकाळी कॉलेजच्या ट्रॅकवर पळाले. बुडालेले विषय उन्हाळ्यात पूर्ण केले. पुढच्या जानेवारीत पुन्हा गेले, पुन्हा मशीनच्या खोलीत कपडे बदलले. त्या वेळी मात्र आत बोलावल्यावर माझ्यापुढे सहीसाठी कागद ठेवला गेला. त्यावर पगार छापलेला होता, आणि तो मिस्टर टकरनी सांगितलेल्या आकड्याच्या फार वर नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी सात सीझन केले. वरून दुसऱ्या पायरीपर्यंत गेले. सर्वांत वरच्या लीगमध्ये मी एकही दिवस काम केलं नाही; मिस्टर टकरचे ते नऊ दिवसही माझ्या वाट्याला आले नाहीत. आठव्या सीझनआधी एका सकाळी फोन आला, तुझी जागा आता दुसऱ्याला देतोय म्हणून. चार मिनिटांचा फोन. त्यानंतर मी लोकांचे टॅक्स भरून दिले आणि शनिवार-रविवारी कॉलेजचे सामने केले, गुडघ्यांनी साथ दिली तोवर. आता तर स्ट्राइक की बॉल हे मशीनच सांगतं असं म्हणतात. अजूनही आपल्या लोकांच्या घरी जेवायला गेले की कुणीतरी विचारतंच, काय मिळायचं हो तुम्हाला? मी खालचा आकडा आधी सांगते, आणि मग थांबते. वरचा आकडा ज्यानं त्यानं शोधावा.

पण मला सांगायचा आहे तो पहिल्या सीझनमधला एक दिवस. छोटं गाव, लाकडी बाकांचं मैदान, जुलैची दुपार. खालच्या लीगमध्ये दोनच अंपायर असतात. ते दोघं एकाच गाडीतून गावोगाव जातात आणि सामन्याआधी नव्या चेंडूंची चकाकी जावी म्हणून त्यांना स्वतःच्या हातांनी चिखल चोळतात. माझ्या नखांत तो चिखल होता. आई-बाबा नऊ तास ड्राइव्ह करून आले होते आणि माझ्या मागेच तिसऱ्या ओळीत बसले होते. तिसऱ्या इनिंगमध्ये मी एका बॅटरला तिसरा स्ट्राइक दिला आणि तो आउट झाला. लोक बाकांवर पाय आपटायला लागले. त्या टीमचा मॅनेजर धावत आला आणि माझ्या मास्कपासून वीतभर अंतरावर तोंड आणून बोलत राहिला. मी त्याचं ऐकून घेतलं, दोन वाक्यं बोलले, आणि तो गेला. पुढे सहा इनिंग मी काम केलं. मागे वळून बाबांकडे एकदाही पाहिलं नाही.

सामना संपल्यावर ते पार्किंगमध्ये आमच्या गाडीजवळ थांबले होते. माझा जोडीदार अंपायर डिकीत बॅगा भरत होता. आईनं माझ्या हातात दशम्यांचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला, माझ्या खांद्यावर बॉल लागून आलेला निळा डाग दाबून पाहिला आणि गाडीत जाऊन बसली. बाबा किल्ली हातात फिरवत उभे होते. मला वाटलं, आता विचारतील. मोटेलचं बिल कोण भरतं, पेट्रोल कोण घालतं, हातात काय उरतं. माझी उत्तरं तयार होती.

“तो तिसऱ्या इनिंगमधला स्ट्राइक,” बाबा म्हणाले. “मला तो बाहेर वाटला.”

“बाहेरच होता.”

“तुला कळलं होतं?”

“तोंडातून निघाल्या निघाल्या कळलं.”

“मग बदलला का नाहीस?”

“तो बदलता येत नाही, बाबा. पुढचा नीट बघायचा.”

“त्या माणसाला काय सांगितलंस?”

“म्हटलं, कदाचित माझा चुकला असेल. पण निर्णय झालाय, आता तुम्ही आत जा.”

“चुकला असेल, असं म्हणालीस तू त्याला?”

“हो.”

ते रिकाम्या होत चाललेल्या मैदानाकडे वळले. माणसं पाणी मारून माती बसवत होती. माझ्या जोडीदारानं डिकी बंद केली आणि घड्याळाकडे पाहिलं.

“उद्याचा सामना किती वाजता आहे?” बाबांनी विचारलं.

“उद्या आम्ही इथे नाही. चार तास लांब आहे.”

“किती वाजता, ते विचारलं मी.”

“एक वाजता.”

बाबांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला, आणि तिथेच उन्हात उभं राहून ऑफिसला सोमवारच्या सुट्टीची मेल लिहायला घेतली.